नऊ नंबरी

कयाकिंगला जायचं ठरलं की शहाणी माणसं विचारतात, पोहता येतं का, लाइफ जॅकेट देतात का, भरती किती वाजता आहे. मी विचारलं, "पायात काय घालायचं?" नवरा म्हणाला, "काहीही घाल. वल्हं हातात धरायचं असतं."

त्याचा पादत्राणांविषयीचा विचार एवढाच आहे : जी घालून गेलो तीच घालून परत आलो, तर चप्पल चांगली. मला हे पटत नाही. मी कयाकमध्ये बसलेली कशी दिसेन, याचं एक चित्र माझ्या मनात आधीच तयार होतं. त्यात माझे केस वाऱ्यावर होते, वल्हं तिरकं होतं आणि पायात निळे बूट होते. बंद कयाकमध्ये माणूस कमरेपर्यंत आत असतो आणि पाय कुणालाच दिसत नाहीत, ही माहिती मला होती. चित्रात मी कयाक थोडी पारदर्शक करून घेतली होती.

मग अभ्यास केला. रबरी स्लिपर पहिल्याच फेरीत बाद. एक चिखलात रुतते आणि दुसरी एकटीच समुद्राकडे निघते. गमबूट बाद. पाण्यात पडलात की ते भरतात, पाय मारता येत नाहीत आणि परत होडीवर चढताना दोन भरल्या बादल्या पायाला बांधल्यासारखं होतं. कोल्हापुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण पाण्यात बुडवली की ती मानांकनासकट फुगते. लेसचे बूट धोक्याचे. बंद कयाकमध्ये पाय टेकवायला आत दोन आधार असतात. त्यात लेस अडकली आणि कयाक उलटली, तर आपण उलटे आणि पाय अडकलेला. फार जाड तळाचा बूटही तिथे तसाच अडकतो. फार पातळ तळ घ्यावा, तर खडकाला चिकटलेली कालवं पाय कापतात, आणि कालवांची धार ज्याने अनुभवली तो पुन्हा अनवाणी उतरत नाही. निओप्रीनचे बूट थंड पाण्यात उत्तम, पण एप्रिलमधल्या मालवणात ते घातले तर पायांची उकड होईल.

थोडक्यात, हवा तो बूट असा : टाच सोडणार नाही, बोटं झाकेल, तळ वाकेल पण कापला जाणार नाही, पाणी आत येऊ देईल आणि लगेच बाहेरही काढेल. एवढ्या अटी माझ्या आईने जावयाला घातल्या नव्हत्या.

ज्यांनी कयाक शोधली त्या इन्युइट लोकांना ही यातायात नव्हती. सीलच्या कातड्याची कयाक आणि सीलच्याच कातड्याचे बूट. मॅचिंगची हौस फक्त मलाच आहे असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

बाकी पाण्यातल्या पादत्राणांचा इतिहास म्हणजे घसरलेल्या पुरुषांचा इतिहास. पॉल स्पेरी नावाचा अमेरिकन गृहस्थ बोटीच्या डेकवर घसरला. त्याचा प्रिन्स नावाचा कुत्रा मात्र बर्फावरून खुशाल पळायचा. स्पेरीने कुत्र्याचे पंजे उलटे करून बघितले, त्यावरच्या भेगांसारख्या बारीक चिरा रबरी तळाला पाडल्या आणि 1935 साली न घसरणारा बूट बाजारात आणला. पुढे 1984 साली ग्रँड कॅन्यनमधल्या नदीवरच्या मार्क थॅचर नावाच्या गाईडने वाहून जाणाऱ्या स्लिपरला घोट्यापाशी पट्टा जोडला. झाली टेवा सँडल. यांचा पाय घसरला की शोध लागतो. आमचा पाय मावला नाही की दुकानदार म्हणतो, "साइझ नाही मॅडम."

माझा नंबर नऊ आहे.

हे वाक्य मी दुकानात नेहमी हळू आवाजात म्हणते. या वेळी समोरचा मुलगा तरणाबांड होता. त्याने ते मोठ्या आवाजात मागे गोदामात ओरडून सांगितलं. गोदामातून उत्तर आलं, "लेडीजमध्ये आठला संपतं!" बायकांच्या कप्प्यात गुलाबी, जांभळा, फिकट पिस्ता असे बूट ओळीने मांडलेले होते. त्यांत माझी फक्त बोटं गेली असती. पलीकडे पुरुषांच्या कप्प्यात बारापर्यंत सगळे नंबर होते आणि निळा रंगही तिथेच होता. "जेन्ट्समधला देऊ का?" असं त्याने विचारलं आणि मी थेट चौथीच्या जून महिन्यात जाऊन पोचले.

आता पावसाळी सँडलबद्दल थोडं. थोडं म्हणते आहे, पण हा विषय निघाला की मी आवरत नाही, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सँडलना नुसतं प्लॅस्टिक म्हणणं अन्याय आहे. शाळा उघडायच्या आठवड्यात दुकानाच्या दारावर त्यांच्या माळा लटकायच्या आणि नव्या वह्यांच्या वासावर मात करणारा एक उग्र वास रस्त्यापर्यंत यायचा. पहिले दोन दिवस टाचेवर फोड. तिसऱ्या दिवशी फोड फुटायचा आणि मग सँडल व पाय यांच्यात तह व्हायचा. बाजूला पत्र्याचं छोटं बक्कल असायचं. त्याची पिन गणपती येईपर्यंत गंजून जायची आणि मोज्यावर तांबडा डाग पडायचा. डबक्यात पाय घातला की पाणी एका भोकातून आत आणि चार भोकांतून बाहेर. चालताना फचक फचक असा आवाज यायचा. अख्खा वर्ग प्रार्थनेला निघाला की तो आवाज प्रार्थनेपेक्षा एका सुरात असायचा. मुलींसाठी पारदर्शक सँडल यायच्या, आत चमकी घातलेल्या. माझा जीव त्या चमकीवर होता.

चमकीचा नंबर माझ्या पायाच्या बराच अलीकडे संपला. दुकानदार बाबांना म्हणाला, "हिला जेन्ट्समधलंच बघावं लागेल. मुलीचा पाय म्हणजे..." पुढचं तो बोलला नाही. बाबांनी तपकिरी सँडल हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, "दोन जोड द्या. एक हिच्या मापाचा, एक माझ्या." काही वर्षांतच दोघांचं माप एक झालं. मग दारात दोन सारखे जोड असायचे आणि कुणाचा कुठला ते कळायचं नाही. ज्याचं बक्कल तुटलेलं असे, तो बाबा स्वतःचा ठरवत.

बाहेरचं जग असं नव्हतं. मला बघायला येणार होते तेव्हा आत्याने साडी अर्धी वीत खाली ओढली. "चालून दाखव म्हणाले तर लहान लहान पावलं टाक," असंही सांगितलं. पावलं लहान टाकली म्हणून पाय लहान दिसत नाहीत, पण त्या दिवशी मी ते केलं. त्यानंतर कित्येक वर्षं आठ नंबरच्या चपलांत नऊ नंबरचा पाय कोंबला. दोन्ही करंगळ्यांची नखं अजून त्याचा पुरावा देतात. घट्ट बुटात पाय भिजून फुगतो, कातडं सोललं जातं, म्हणून पाण्यात जाताना योग्य मापाचा बूट घ्यावा, असं प्रत्येक जाणकार सांगतो. आपल्याकडच्या मुलींना हे कोरड्या जमिनीवरही कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

असो. निळे बूट घेतले. पुरुषांचे, नऊ नंबरी, जाळीदार. किंमत नवऱ्याला निम्मी सांगितली.

आम्ही कयाकिंगला गेलो ते मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वस्ती मावेल एवढी जमिनीची पट्टी. तिथली कयाक वर बसायची, उघडी निघाली. म्हणजे पाय दिसणार होते! माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. फक्त ओहोटी होती आणि कयाकपर्यंत चिखलातून चालत जायचं होतं. जवळच्या खडकावर एक बाई कालवं फोडत बसली होती. साडीचा काचा मारलेला आणि पायात मुलाचे शाळेचे जुने काळे बूट, लेस काढून काथ्याने आवळलेले. तिने माझ्या निळाईकडे निवांत बघून घेतलं.

"ताई, चिखलात बूट थयच ऱ्हवतले. पाय तेवढे वर येतले."

बूट राहिले नाहीत, पण जाळीतून चिखल असा आत आला की जणू तिकीट काढून आला होता. पाणी जाळीतून बाहेर गेलं, रेव मात्र आतच राहिली. मी खडकाला टेकून बूट काढला आणि झटकायला लागले. बाईची नजर आता माझ्या पावलावर होती. मी सवयीने पाय मागे घेतला.

"मोठो पाय बरो," ती म्हणाली. "चिखलात रुतणा नाय. माझो बघा, ढोपरापर्यंत जाता."

पायाबद्दल कौतुकाचं हे पहिलंच वाक्य माझ्या वाट्याला आलं, आणि तेही त्या विषयातल्या जाणकार व्यक्तीकडून. क्षेत्रफळ वाढलं की दाब कमी होतो, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण ते माझ्या बाजूने आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी छाती पुढे काढून उरलेला चिखल तुडवला. लांब लांब पावलं टाकत.

परतताना मालवणच्या बाजारात तपकिरी प्लॅस्टिकच्या सँडल घेतल्या, पट्ट्याच्या, टाच धरणाऱ्या. कयाकिंगसाठी याहून शहाणी वस्तू मला अजून दिसलेली नाही. पाणी एका भोकातून आत, चार भोकांतून बाहेर. "नऊ द्या, जेन्ट्स," असं मी नेहमीच्या आवाजात सांगितलं.

निळे बूट आता मी भिशीला घालून जाते. "कयाकिंगचे आहेत," म्हटलं की बायका आदराने खाली बघतात. मग मी पाय जरा पुढे घेऊन बसते.