एका तारेत दोघं

हैदराबादच्या अफझलगंजात मराठी माणसाच्या एकाच गळ्यातून तीन भाषा निघतात. उस्मानिया दवाखान्यासमोर फळवाल्याशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, घरी मराठी. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण 2005 मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं आणि फोनच्या जुन्याच तारेवर गप्पा नि इंटरनेट एकदम चालायला लागले, तेव्हा मात्र अख्खी गल्ली थक्क!

खरं तर ती तार बरीचशी रिकामीच होती. फोनवरचं बोलणं 300 ते 3400 हर्ट्झमध्ये आटोपतं. डेटावनमागच्या एडीएसएल तंत्रानं त्याच्या वरची, साधारण 25 पासून 1100 किलोहर्ट्झपर्यंतची पडीक जागा धरली. दोघांना वेगळं ठेवायला फोनपाशी एक पांढरी डबी, स्प्लिटर. ती बसवायची राहिली की फोनमध्ये खरखर. आमच्या घशाला अशी डबी नाही, म्हणून स्वयंपाकघरातून हाक येते, "आमटीत नमक कम है का बघ रे!"

मला कौतुक मोडेमचं. सुरू केला की त्याचा हिरवा दिवा बराच वेळ लुकलुकतो. त्या वेळात तो एक्स्चेंजमधल्या यंत्राशी बोलून तारेवरची बारीक बारीक कंपनं एकेक करून तपासतो. जिथे शांतता तिथे जास्त माहिती लादायची, जिथे गोंगाट तिथे कमी, अगदीच वाईट जागा सोडून द्यायची. एक्स्चेंज लांब असलं की वरची कंपनं वाटेतच मान टाकतात. पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरलं तर हा पठ्ठ्या पुन्हा बोलणी करतो आणि कमी वेगावर तडजोड करतो. इतका समंजसपणा आमच्या सोसायटीच्या सभेत आजवर कुणी पाहिलेला नाही.

एका बाबतीत मात्र हिशेब चुकला. गिऱ्हाईक घेईल पुष्कळ, पाठवील थोडं, असं धरून बहुतेक जागा उतरत्या माहितीला दिली आणि चढतीला खालचा एक चिंचोळा पट्टा. हे ठरवणारा आमच्याकडच्या नया पुलावर संध्याकाळी कधी उभा राहिलेला नसावा. तिथे ऐकणारा सापडत नाही, बोलणारेच सगळे. पुढे जो तो व्हिडिओ पाठवायला लागला, आणि भाचीच्या लग्नाची चित्रफीत पुण्याला पोचेपर्यंत इकडे बारशाची तयारी सुरू झाली.