एका प्लॅटिनम पाहुण्याचे आभारपत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
(हॉटेलचे नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच, आणि तुमच्या शेजारच्यांनाही हे पत्र आपल्यालाच आहे असे वाटले तर बिघडत नाही)
सोलापूर.

विषय : गड्ड्याच्या यात्रेत आम्ही न वापरलेल्या दोन खोल्यांचे पूर्ण भाडे ठेवून घेतल्याबद्दल आभार मानणेबाबत.

महोदय,

तुमचे दोन मेसेज एकाच दुपारी, पाठोपाठ आले. पहिल्यात कळवले होते की माझ्या रद्द केलेल्या बुकिंगचा परतावा शून्य रुपये आहे. दुसऱ्यात होते, 'प्रिय प्लॅटिनम सदस्य, आम्हाला तुमची आठवण येते.' आठवण येणारच. ज्याच्याकडून पैसे पूर्ण घ्यायचे आणि ज्याला उशी, साबण, नाश्ता यांतले काहीच द्यावे लागत नाही, असा पाहुणा रोज कुठे मिळतो?

मी टॉवेल-चादरीच्या व्यापारातला माणूस. मुंबईहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची, सकाळी सोलापुरात उतरायचे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखाने पालथे घालायचे आणि भावावरून हुज्जत घालायची. सोलापूरचा कारखानदार एका दिवसात भाव खाली आणत नाही, म्हणून मुक्काम करावा लागतो, आणि मुक्काम वर्षानुवर्षे तुमच्याकडेच. याचे बक्षीस म्हणून मी आधी सिल्व्हर, मग गोल्ड आणि आता प्लॅटिनम झालो आहे. माझ्या सासऱ्यांनी हे ऐकून जावयाने दागिन्यांचे दुकान काढले की काय, असे विचारले होते.

प्लॅटिनमचे फायदे मला तोंडपाठ आहेत. लवकर चेक-इन, उपलब्धतेनुसार. वरच्या दर्जाची खोली, उपलब्धतेनुसार. उशिरा चेक-आउट, तेही उपलब्धतेनुसार. गाडी सकाळी येते आणि तुमची खोली बाराला मिळते, त्यामुळे मधला वेळ मी तुमच्या लॉबीतल्या सोफ्यावर काढतो. काउंटरवरचा मुलगा गोड आहे. 'प्लॅटिनम आहे ओ सर, पण सिस्टीममध्ये रूम दाखवत नाही ओ,' असे तो इतक्या मनापासून सांगतो की मलाच त्याची समजूत काढावीशी वाटते. सोफ्यावर माझ्या शेजारी बसलेला, पहिल्यांदाच आलेला माणूस मात्र कार्डाशिवाय बसलेला असतो. एवढा फरक आहे, हे मी मान्य करतो.

आता मुद्द्याचे. यंदा आमच्या सूनबाईंची पहिली संक्रांत. व्याह्यांची फार इच्छा होती की संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेतली सात नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा एकदा डोळ्यांनी पाहावा, होम मैदानावरचा गड्डा फिरावा. मी ऐटीत म्हटले, हॉटेलची काळजी सोडा, तिथे आपल्याला ओळखतात. तुमच्या संकेतस्थळावर गेलो. 'फक्त २ खोल्या शिल्लक', 'आत्ता ११ जण हेच पाहत आहेत' वगैरे लाल अक्षरांत लुकलुकत होते. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारांची यादी काढली, तिच्यात खोटी घाई करायला लावणे हा प्रकार अगदी आरंभी आहे. पण तुमची घाई खरी असणार, असे मी धरून चालतो. यात्रेच्या दिवसांसाठी दर एकच होता, रद्द न होणारा. प्लॅटिनमलाही तोच. दोन खोल्या घेतल्या, पैसे भरले, सदस्य क्रमांक टाकला.

यात्रेच्या चार दिवस आधी व्याही चिकुनगुनियाने आडवे झाले. गुडघा वाकेना, तिथे ते नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांची फेरी काय करणार? मी फोन केला. पैसे परत नकोत, तारीख पुढे ढकला, मी फेब्रुवारीत येणारच आहे, असेही म्हणालो. उत्तर आले की धोरणात बसत नाही. धोरण कोणी केले, विचारले. हेड ऑफिसने. हेड ऑफिसचा नंबर मागितला. तो धोरणात बसत नव्हता.

तुमची बाजू मला कळत नाही असे समजू नका. न खपलेला टॉवेल मी उद्या विकू शकतो, पण कालची रिकामी खोली तुम्हाला आज विकता येत नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, गाणगापूर अशा चारी बाजूंच्या देवस्थानांना जाणारा माणूस सोलापुरात उतरतो. तो चार-चार ठिकाणी खोल्या धरून ठेवतो आणि शेवटी भाच्याच्या घरी गादी टाकून झोपतो. अशा माणसाला काही वचक हवाच. खोली खरोखर रिकामी राहिली असती, तर मी हे पत्र लिहिले नसते.

पण साहेब, ती राहिली नाही. त्या रात्री त्या दोनपैकी एका खोलीत माझे साडू होते.

होय, सख्खे साडू. ते कलबुर्गीहून ऐन वेळी आले, बॅग घेऊन थेट तुमच्या काउंटरवर उभे राहिले, आणि तुमच्या गोड मुलाने 'लकी आहात ओ सर, आत्ताच एक रूम सुटली,' असे म्हणून त्यांना माझी खोली माझ्यापेक्षा दीडपट दराने दिली. साडूंनी खिडकीतून शोभेच्या दारूकामाचा व्हिडिओ काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिले, 'मस्त हॉटेल, तुम्ही का नाही येत इथे?' त्या रात्रीचे भाडे त्या एका खोलीवर तुम्हाला अडीचपट मिळाले. चादरीच्या धंद्यात मी एकच माल दोघांना विकला तर बाजारात माझे नाव वेगळ्या कारणाने निघेल.

रागाच्या भरात मी थोडे वाचन केले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की करारात दंडाची रक्कम लिहून ठेवली, तरी मिळते ती त्या रकमेच्या आतली वाजवी भरपाई. या कलमाचा किस्सा ऐका. १९८२ साली दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लिलावात भिकाजी कामा प्लेसमधला एक भूखंड एका कंपनीने ३.१२ कोटींना घेतला आणि ७८ लाख इसारा भरला. व्यवहार रखडला, प्राधिकरणाने इसारा जप्त केला, आणि १९९४ मध्ये तोच भूखंड ११.७८ कोटींना विकला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७८ लाख परत करायला लावले. कंपनीने करार मोडलाच नव्हता, हा एक भाग झाला. पण ज्याचे काहीच नुकसान झाले नाही त्याने भरपाई कसली मागायची, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. तुमची दोनशे सात नंबरची खोली आणि भिकाजी कामा प्लेस यांत क्षेत्रफळाचा फरक आहे, हे मला दिसते. साडूंच्या जागी मात्र ११.७८ कोटी ठेवून पाहा.

तुम्ही म्हणाल, मग जा ग्राहक आयोगात. जातो की. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' अशी सोय आहे. झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार त्यात बसतो. गंमत अशी की सेवेतल्या त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगात करता येते, पण करारच अनुचित आहे असे म्हणायचे असेल, तर रक्कम कितीही लहान असो, कायदा थेट राज्य आयोगाकडे बोट दाखवतो. म्हणजे मी मुंबईकडचा म्हणून ठीक, पण दोन खोल्यांच्या भाड्यासाठी सोलापूरच्या माणसाने मुंबई गाठायची. तिथे राहायला हॉटेल लागेल. स्वस्त दर हवा असेल तर बुकिंग रद्द न होणारे घ्यावे लागेल. आणि मग सुनावणी पुढे ढकलली जाईल.

कराचीही एक बारीक गोष्ट तुमच्या बिलात दिसली. रद्द करण्याच्या आकारावर जीएसटी का, असे मी तुमच्या हिशेबनिसांना विचारणार होतो, पण याबाबतीत ते निर्दोष निघाले. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सरकारने खुलासा केला आहे की रद्द करण्याचा आकार हा मूळ सेवेचाच भाग, म्हणून कर मूळ सेवेच्याच दराने. सरकारच्या मते मला सेवा मिळाली आहे. त्या रात्री मी डोंबिवलीत व्याह्यांच्या गुडघ्याला तेल लावत होतो, ती बहुधा रूम सर्व्हिस असावी. साडूंनीही कर भरलाच. एका पलंगावर एका रात्री दोन कर देणारे कुटुंब म्हणून आमची कुठेतरी नोंद व्हावी.

हा पाहुण्याला गुणांत मोजण्याचा उद्योग सोलापुरी नाही, हे मला ठाऊक आहे. मोठ्या अमेरिकन विमान कंपन्यांनी १९८१ मध्ये मैल मोजायला सुरुवात केली, आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी ते हॉटेलात आणले. पुढे २०१७ मध्ये मॅरियट आणि हिल्टन यांनी तिकडे फुकट रद्द करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी ४८ तासांवर नेली. त्याच्या काही वर्षे आधीपर्यंत मुक्कामाच्याच दिवशी संध्याकाळी फोन करून रद्द करता येत असे. म्हणजे कार्डांचे रंग वाढत गेले तशी मुदत आखडत गेली. तुम्ही त्यांच्याही दोन पावले पुढे आहात. तुमच्याकडे मुदतच नाही.

तुमच्या जिल्ह्यात याहून जुनी पद्धत चालू आहे, आणि ती तुमच्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर आहे. पंढरपुरात वर्षानुवर्षे न चुकता येणारे पाहुणे लाखोंनी आहेत. एकाच्याही खिशात कार्ड नाही. २०२० साली पायी वारी रद्द झाली, पादुका एसटीने आल्या, १ जुलैची आषाढी वारकऱ्यांविना गेली. यजमानाने कोणाचे काही कापले नाही, की 'तुमची श्रेणी एका पायरीने खाली आली' असे कळवले नाही. आणि पायरीचेच म्हणाल तर तिथल्या सर्वांत निष्ठावान पाहुण्याने, नामदेवांनी, महाद्वाराची पहिलीच पायरी मागून घेतली, जिच्यावरून इतर सगळ्यांनी आत जायचे. तुमच्या योजनेत हा माणूस सिल्व्हरच्याही खाली राहिला असता.

बुकिंग तुमच्याकडून मोडले गेले, तेव्हा काय होते, तेही आठवून पाहा. एका मे महिन्यात, त्या उन्हात, मी कन्फर्म बुकिंग घेऊन आलो, तर तुमचा अख्खा मजला लग्नाच्या वऱ्हाडाने घेतला होता. 'जरा अ‍ॅडजस्ट करा ओ सर,' म्हणून मला स्टँडजवळच्या एका लॉजवर पाठवलेत. तिथे पंखा होता, पण तो उपलब्धतेनुसार फिरत होता. रिक्षाचे पैसे मीच दिले. दुसऱ्या दिवशी मेसेज आला की झालेल्या गैरसोयीबद्दल तुमच्या खात्यात दोनशे गुण जमा केले आहेत. दोनशे गुणांत एक चहा येतो, अट इतकीच की तो चहा तुमच्याच हॉटेलात मुक्कामाला असताना प्यायचा. मी चार दिवस आधी सांगून आलो नाही, तर शंभर टक्के दंड. तुम्ही दारातून परत पाठवले, तर एक चहा. हे गणित तुमच्या हेड ऑफिसला एकदा उलटे करून पाहायला सांगा: मी न वापरलेल्या खोलीबद्दल तुम्ही माझ्याकडे एक चहा मागा, आणि वऱ्हाडाच्या दिवसाबद्दल मी पूर्ण भाडे मागतो.

शेवटी गड्ड्याबद्दल, कारण बुकिंग त्याचेच होते. तुमच्या लॉबीत सिद्धेश्वर तलावाचा मोठा फोटो लावलेला आहे, म्हणून धीर करून लिहितो. गड्ड्यातला अक्षता सोहळा कसला, हे तुमच्या काउंटरवरच्या मुलालाही माहीत असेल. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी, लग्न त्यांच्या धोरणात बसत नव्हते. पण त्यांनी तिला 'परतावा शून्य' असे कळवले नाही. आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली, दोघांचाही मान राखणारी वाट काढली, आणि सोलापूर नऊशे वर्षे होत आली तरी त्या वाटेवर अक्षता टाकते आहे. मी तर नुसती फेब्रुवारीतली तारीख मागत होतो.

कळावे, लोभ उपलब्धतेनुसार असावा.

आपला विश्वासू,
एक प्लॅटिनम सदस्य
(गुणांची मुदत ३१ मार्चला संपते, असे तुमचेच म्हणणे)

प्रत माहितीसाठी : १) हेड ऑफिस, पत्ता मिळाल्यास. २) साडूभाऊ, कलबुर्गी.

ता. क. व्याही आता हिंडू-फिरू लागले आहेत. पुढच्या जानेवारीसाठी दोन खोल्या हव्यात. बाकी सगळीकडे चौकशी केली. एक तर हॉटेले भरली आहेत, नाहीतर त्यांचेही धोरण तुमच्याच हेड ऑफिसने लिहिल्यासारखे आहे. तेव्हा रद्द न होणारा दर चालेल. दारूकाम दिसेल अशी खिडकी मिळाली तर बरे, साडूंच्या व्हिडिओत दिसते ती.