पाठ टेकायचा मान

वऱ्हाडात पाठ टेकायचा मान बसणाऱ्याचा, हाकणाऱ्याचा नाही. बैलांच्या दमणीत पाहुण्याच्या अंगाखाली तनस, तनसावर गादी, पाठीमागं तक्क्या आणि डोक्यावर छत. हाकणारा मात्र पुढं धुरेवर, पाय लोंबकळत सोडून, स्वतःच्या कण्याच्या भरवशावर. गाडीत नवी नवरी असो की तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली बाळंतीण, वाटेत सगळे एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. बैलांचीही करतात. हाकणाऱ्याच्या पाठीचं काय चाललंय, हे कोणी विचारत नाही. हत्तीवर तरी वेगळं काय होतं? अंबारी राजाला आणि हत्तीची मान माहुताला.

ही जुनी रीत सरकारी कचेरीत अजून टिकून आहे. दाराशी शिपायाचं स्टूल असतं, त्याला पाठच नसते. आतल्या बाबूच्या खुर्चीची पाठ कमरेपर्यंत येते. त्यापलीकडच्या साहेबांची खांद्यापर्यंत, आणि सगळ्यांत मोठ्या साहेबांची डोक्याच्याही वर जाते. तिच्यावर पांढरा टॉवेल असतो. सेवापुस्तक उघडायची गरज नाही, खुर्ची मागून पाहिली तरी हुद्दा कळतो. ज्याला दिवसभर हिंडायचं त्याला टेका सर्वांत कमी, आणि ज्याला फक्त सही करायची त्याला डोक्याच्याही वर. कारण आपली पक्की समजूत आहे, की काम करणारा टेकला की झोपला. दुकानातल्या नोकरांना ग्राहक नसताना निदान बसता यावं म्हणून केरळात २०१८ मध्ये आणि तमिळनाडूत २०२१ मध्ये कायदा बदलावा लागला. म्हणजे बसण्यापर्यंत आपण आलो आहोत. टेकणं अजून लांब आहे.

मोटरसायकलवाल्याची गणती या हिशेबात स्टुलातच होते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागं बसणाऱ्याची नीट काळजी घेतली आहे. त्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला पायटा हवा, साडी-धोतर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला निदान निम्मा आडोसा हवा. चालवणाऱ्याच्या पाठीबद्दल नियम गप्प आहेत. २००५ साली अव्हेंजर आली, ऐसपैस, लोळून चालवायची गाडी म्हणून तिची ख्याती झाली. तिच्यावर टेका होता, पण तोही मागच्याला. चालवणाऱ्यासाठी टेका मिळतो तो हार्ले, गोल्डविंग असल्या जंगी गाड्यांना, आणि त्यांच्या किमतीत आमच्याकडं कोरडवाहू शेताचा तुकडा येतो.

तरी वऱ्हाडी माणूस अगदीच निराधार नाही. अकोला सरकी-ढेपेचं गाव आहे. वायदेबाजारात ढेपेचा भाव लागतो तो अकोल्याच्या नावानं. ढेपेचं पोतं मागं आडवं बांधलं की शंभर सीसीच्या गाडीवरचा माणूस आपोआप ऐटीत येतो. पोतं पाठीचा आकार घेतं, ढोसत नाही, तक्रार करत नाही. अडचण एकच, की म्हशीसमोर ते उतरवावं लागतं आणि परतीची वाट पुन्हा कण्यावर येते.

आमच्या भाटव्यांनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, यावर कायमचा उपाय करायचं ठरवलं. ते बियाणं-खतांच्या वसुलीला फिरतात: आज अकोट, उद्या तेल्हारा, परवा पातूर. २०२२ साली अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी अकोट रस्त्यावरचा, गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहतुकीला बंद करावा लागला. भाटव्यांच्या पाठीच्या वाट्याला विक्रमाचा रस्ता आला नाही, हे वेगळं सांगायला नको. कंबर धरल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे पाहून गाडी बंद करायला सांगितली. भाटवे म्हणाले, "डॉक्टरसायेब, गाडी बंद केली त वसुली तुमी करसान काय?"

मग त्यांनी शास्त्र वाचून काढलं. आल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. त्यांचा निष्कर्ष असा, की टेका न घेता बसलं तर उभं राहण्यापेक्षा चकतीवर दाब जास्त येतो आणि पुढं वाकून बसलं तर त्याहून जास्त. १९९९ मध्ये जर्मनीत पुन्हा मोजलं, तर सैल बसण्यातला दाब उभं राहण्यापेक्षा थोडा कमीच भरला. तज्ज्ञांचं जमेना. पण मागं टेकलं की दाब उतरतो, यावर दोघांचंही एकमत. भाटव्यांना तेवढंच हवं होतं.

अकोल्यातल्या दगडी पुलाकडच्या एका सीट कव्हरवाल्यानं काम घेतलं. सीटखालच्या फ्रेमला कसलेली लोखंडी पट्टी, पट्टीला लांबट गाळा, गाळ्यात टेक्याचा दांडा. बारा-तेराच्या पान्यानं बोल्ट ढिला केला की टेका वर-खाली आणि पुढं-मागं सरकतो. आत कडक फोम, वर नरम फोम, त्यावर काळं रेग्झिन आणि कडेनं पांढरी पायपिंग. गाडी डबल स्टँडवर लावून भाटव्यांना बसवलं. भाटव्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बस, हेच पाह्यजे होतं." कारागीर हसला. "उभ्या गाडीवर सारेच सायेब असतात भाऊ. मोर्णा नदीपलीकडून एक चक्कर मारून या, मंग सांगा."

चक्कर मारून भाटवे आले ते खांदा चोळत. टेक्याची वरची कड फऱ्यावर बसत होती; मागून येणारा ट्रक पाहायला मान वळवली की कोपर अडकत होतं. टेका खाली आणला, कमरपट्ट्याच्या जरा वर. आता उंची जमली, पण तो फार पुढं होता. प्रत्येक गतिरोधकावर मागून ढोसायचा आणि भाटव्यांचं पोट टाकीवर चढायचं. मागं सरकवला, तर त्याला गाठायला भाटवे रेलले, हात ताठ झाले, आणि कमरेचं दुखणं मानेत गेलं. कारागीर दरवेळी खडूनं पट्टीवर खूण करी, पाना फिरवी आणि पुन्हा मोर्णेपलीकडं धाडी. चालत्या गाडीवर माणूस वाऱ्याच्या धाकानं पुढं झुकतो, ब्रेकला पुढं घसरतो, चढाला मागं येतो. म्हणून टेका सतत चिकटलेला असून चालत नाही. ताठ बसल्यावर कमरेला नुसता लागेल आणि झुकल्यावर सुटेल, अशी जागा हवी. ती शेवटी सापडली. "टेका हाये थे इसरले पाह्यजे तुमी," कारागीर बोल्ट कसत म्हणाला. "आठोला का समजा, चुकला."

मे महिन्यात तो रोज आठवायचा. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रेग्झिन पाठीला डागण्या देतं. भाटव्यांनी दुपट्टे वाढवले: एक तोंडाला, एक डोक्याला, एक टेक्याला.

ताईचा प्रश्न वेगळा होता. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "तुमचं त झालं, मी बसू कुठं? नंबरप्लेटवर?" म्हणून बोल्ट काढून हातानं फिरवायचे नट लावले. ताई सोबत असली की टेका घरी खुंटीला, आणि वसुलीच्या दिवशी गाडीवर.

खरी गंमत गावोगाव झाली. टेकून आलेल्या माणसाकडं लोक वेगळ्या नजरेनं पाहतात. एकानं विचारलं, "सायेब, प्रमोशन झालं काय?" दुसऱ्यानं दबक्या आवाजात, "जिल्हा परिषदेले उभे राह्यता काय?" जिथं इतकी वर्षं बाकावर बसवायचे, तिथं आतून पाठीची खुर्ची यायला लागली. भाटव्यांचा पगार तोच होता, वसुलीही तशीच रखडलेली. फक्त पाठीमागं वीतभर फोम आला आणि माणूस हुद्द्यानं चढला. आराम ही गरज आहे, हे आपल्याकडं कोणाच्या चटकन डोक्यात येत नाही. टेकलेला दिसला की तो मोठाच असणार.

हा भ्रम तेल्हाऱ्याकडच्या एका कपाशीवाल्यानं उतरवला. तो फवारणी थांबवून बांधावर आला, टेका दाबून पाहिला, किंमत विचारली आणि म्हणाला, "तुमच्या पाठीमांगं गादी हाये सायेब. आमच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप. फोम त इकडं लागते." आणि वळून त्यानं पाठ दाखवली. पंपाच्या पट्ट्यांनी शर्ट दोन्ही खांद्यांवर विरला होता आणि टाकीची कड नेमकी तिथं टेकत होती, जिथं भाटव्यांचा नरम फोम येतो.

भाटव्यांनी त्या दिवशी वसुलीचा विषय काढला नाही. संध्याकाळी ते सीट कव्हरवाल्याकडं गेले आणि कातरणातले फोमचे तुकडे मागितले. आता त्याच्या दुकानात पंपाच्या टाकीला बांधायची गादी आणि पट्ट्यांच्या खोळी शिवून मिळतात. त्यांनाही त्यानं सरकवायची सोय ठेवली आहे, कारण फवारणारा चिखलात किती वाकतो हे दुकानात बसून कळत नाही. त्याची एकच अट आहे: पंप भरून आणायचा आणि पाठीवर घेऊन पुलापर्यंत चालून यायचं. रिकाम्या पंपावर तो माप घेत नाही.