कुळाचा कॅमेरा

कॅननवाला आणि निकॉनवाला एकाच जिप्सीतून ताडोब्यात जाऊ शकतात. जाताना चहाही एकाच थर्मासमधला पितात. परत येताना मात्र वाघ कुणाला कसा ‘मिळाला’ याची चर्चा निघते. एकाचा फोकस वाघाऐवजी पुढच्या बांबूवर बसलेला असतो. दुसरा स्क्रीनवर वाकून बघतो आणि खेदानं म्हणतो, ‘तुझी चूक नाही रे. सिस्टीमच तशी आहे.’ तिथून मोहर्ली गेटपर्यंत ड्रायव्हर आणि गाईड हे दोघंच काय ते एकमेकांशी बोलत असतात.

मी निकॉनवाला. का, असं विचारलंत तर माझ्याकडे उत्तरांचा साठा आहे: हातातली पकड, बटणांच्या जागा, सावलीतला तपशील. ही सगळी उत्तरं मागाहून जमवलेली. खरं उत्तर एवढंच, की मामेभावाकडे निकॉन होता आणि त्याच्या लेन्स मागून आणता येत होत्या. बहुतेकांचं असंच असतं. कुलदैवत कुणी किमती आणि फीचर्स ताडून निवडत नाही, घरात आधीपासून असतं, कॅमेऱ्याचंही तेच. आणि एकदा दैवत ठरलं की ओटी भरणं आलं. आधी पन्नासची लेन्स, मग सत्तर-दोनशे, मग फ्लॅश, मग जास्तीची बॅटरी. बॉडी जुनी होते, बदलता येते. पण लेन्सनी भरलेलं ते ड्राय कॅबिनेट डोळ्यांसमोर आलं की धर्मांतराचा विचार जागच्या जागी विरतो. सगळं विकून दुसऱ्या कंपनीत जायचं म्हटलं तर बोरा बाजारातला दुकानदार लेन्स उजेडात धरतो, आत बुरशी आहे का बघतो आणि असा आकडा सांगतो, की माणूस निमूटपणे पिशवी उचलून पुन्हा निष्ठावंत होतो.

पैशांइतकीच हातांची अडचण असते. निकॉनची लेन्स बसवताना कॅमेरा समोर धरून डावीकडे फिरवायची, घड्याळाच्या उलट. कॅननची उजवीकडे. झूमची रिंगही दोघांची उलट्या दिशांनी फिरते. निकॉन चालू करायचा खटका शटरच्या बटणाभोवतीच, तर्जनीखाली. कॅननच्या बऱ्याच डीएसएलआरना तो डाव्या खांद्यावर. वारीत दिवे घाटात एका कॅननवाल्या मित्रानं ‘जरा धर’ म्हणून कॅमेरा माझ्या हातात दिला आणि तो छत्री आणायला गेला. नेमकी तेव्हाच एक आजी डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरत माझ्याकडे बघून हसल्या. माझी तर्जनी शटरभोवती नसलेला खटका शोधत राहिली. तो डावीकडे सापडला तेव्हा झूम करायला गेलो, तर आजी जवळ येण्याऐवजी लांब गेल्या. मग त्या खरोखरच वळणाआड गेल्या. मित्र परत आला, त्यानं रिकामा स्क्रीन पाहिला आणि तो काही बोलला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर ‘सिस्टीम’ हा शब्द स्पष्ट उमटला होता.

आम्हा निकॉनवाल्यांचा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे माउंट. कॅमेऱ्याला लेन्स जिथे अडकते ती कडी. निकॉननं 1959 साली ‘निकॉन एफ’बरोबर जो माउंट आणला, तोच पुढे डिजिटल डीएसएलआरपर्यंत चालवला. कॅननला हे जमलं नाही. त्यांनी 1987 साली ऑटोफोकससाठी माउंटच बदलून टाकला आणि ज्यांनी पै-पै जोडून जुन्या एफडी लेन्स घेतल्या होत्या, त्यांना एका दिवसात पोरकं केलं. हा इतिहास कॅननवाल्याला सुनावताना आमचा आवाज जरा चढतो. मग तो शांतपणे विचारतो, ‘आणि डी-40?’ इथे विषय बदलावा लागतो. 2006 च्या त्या निकॉनमध्ये फोकसची मोटरच नव्हती. जुनी ऑटोफोकस लेन्स त्यावर ऐटीत बसायची, पण फोकस हातानंच करावा लागायचा. थोडक्यात, पोरकं कुणी केलं नाही, पण जेवायला वाढलंही नाही. पुढे 2018 साली मिररलेसच्या निमित्तानं दोन्ही कंपन्यांनी काही आठवड्यांच्या अंतरानं नवे माउंट आणले आणि दोन्हीकडचे निष्ठावंत एकाच रांगेत अॅडॉप्टर घ्यायला उभे राहिले.

गंमत अशी, की ज्यांच्यासाठी आपण भांडतो त्या कंपन्यांनी आपापसात असा सोवळेपणा कधीच पाळलेला नाही. कॅननचा पहिला कॅमेरा 1930 च्या दशकात बाजारात आला तेव्हा कंपनीकडे स्वतःची लेन्सच नव्हती. मग त्यावर कुणाची लेन्स बसवली? निप्पॉन कोगाकूची. म्हणजे आजच्या निकॉनची. पहिल्या कॅननच्या कपाळावर ‘निक्कोर’ कोरलेलं होतं! हे मी एकदा एका कट्टर कॅननवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, ‘म्हणून तर लगेच स्वतःची बनवायला घेतली.’ या उत्तरासाठी मी त्याला आजवर मानतो.

निकॉनचंही असंच. 1950 साली ‘लाइफ’ मासिकाचा डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. तिथे निक्कोर लेन्सनं काढलेला फोटो पाहून तो थक्क झाला आणि त्याच लेन्स घेऊन कोरियाच्या युद्धावर गेला. जपानी काचेचं नाव जगभर झालं ते तेव्हापासून. पण डंकननं त्या लेन्स लावल्या होत्या जर्मन लायका कॅमेऱ्याला. निकॉनची कीर्ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या खांद्यावर बसून आली. अलीकडचं बघायचं तर निकॉनच्या कितीतरी कॅमेऱ्यांतला सेन्सर, म्हणजे प्रत्यक्ष उजेड झेलणारा अवयव, सोनीनं बनवलेला असतो. निकॉनवाला सोनीवाल्याशी तासभर रंगांवरून हुज्जत घालतो, तेव्हा दोघांच्याही कॅमेऱ्यात एकाच कारखान्यातला तुकडा असण्याची शक्यता चांगलीच असते.

पण या सगळ्यांवर कडी करणारी गोष्ट अजिंठ्यात आहे. कॅननच्या पहिल्या नमुन्याचं नाव होतं ‘क्वानॉन’. साल 1934. हे नाव जपानमधल्या कान्नोन या करुणेच्या देवतेवरून घेतलेलं. बोधचिन्हावर तिची हजार हातांची मूर्तीही होती. कॅमेरा, छत्री, लेन्सकॅप आणि मोबाइल एकाच वेळी सांभाळणाऱ्या माणसाला हे दैवत लगेच पटावं. लेन्सचं नाव बुद्धाच्या शिष्यावरून, कास्यपा. आता ही कान्नोन मूळची कोण? आपला अवलोकितेश्वर. तो इथून चीनला गेला, तिथून जपानला. आणि अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात हातात कमळ घेऊन, किंचित मान झुकवून उभा असलेला पद्मपाणी हे त्याचंच रूप. लेण्यात फ्लॅशला बंदी, उजेड मंद. निकॉनवाले तिथे आयएसओ चढवतात, श्वास रोखतात आणि त्याचे फोटो काढून ‘बघा, अंधारात निकॉनच’ म्हणून मिरवतात. तेव्हा आपण कुणाच्या कुलदैवतापुढे उभे होतो हे त्यांच्या गावीही नसतं.

काही निष्ठा मात्र अगदी व्यवहारी असते. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्याला एकदा मी विचारलं, तुमच्याकडे सगळे कॅनन का? त्यानं मला अल्बमचं पान दाखवलं. डावीकडे हळद, उजवीकडे मंगलाष्टकं. दोन वेगळ्या पोरांनी काढलेले फोटो. ‘एकाकडे एक कंपनी, दुसऱ्याकडे दुसरी असती तर या पानावरची नवरी आणि त्या पानावरची नवरी चुलत बहिणी दिसल्या असत्या,’ तो म्हणाला. रॉ फाइल असेल तर रंग जुळवता येतात, पण रात्री दोन वाजता हजारेक फोटो समोर असताना कोण जुळवत बसणार? शिवाय मांडवात एकाची बॅटरी संपली की दुसऱ्याची चालते. अंतरपाट दूर होताना लेन्स आडवी आली तर शेजाऱ्याची ओढून घेता येते. इथे दैवतबिवत काही नाही, अंतरपाट दुसऱ्यांदा धरत नाहीत एवढंच.

बाकीच्या पंथांचं थोडक्यात सांगतो. सोनीवाले नवे आणि उत्साही. 2006 साली कोनिका मिनोल्टाचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोनीनं घेतला हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. नवी विटी, नवं राज्य. फुजीवाले फोटोपेक्षा डायल फिरवण्यात रमतात आणि सुखी असतात. ऑलिंपसवाल्यांच्या कंपनीनं कॅमेऱ्याचा धंदाच विकून टाकला, तरी ते पावसात कॅमेरा भिजवून दाखवायचे थांबलेले नाहीत. पेंटॅक्सवाला प्रत्येक गावात एकच असतो आणि दुसरा भेटला की दोघंही जरा हिरमुसतात. लायकावाल्याला आपण प्रश्न विचारत नाही, त्याची किंमतच उत्तर देते.

भिगवणला हिवाळ्यात पहाटे होडीत बसलं की हे सगळे पंथ एका रांगेत दिसतात. कॅननच्या मोठ्या लेन्स पांढऱ्या, उन्हात तापून आतल्या काचेनं जागा सोडू नये म्हणून. निकॉनच्या काळ्या, आणि त्याही तापून बिघडल्याचं मी ऐकलेलं नाही. पण पांढऱ्या रंगाचा दरारा असा, की सोनीनंही आपल्या मोठ्या तोफा पांढऱ्याच केल्या. पांढरी लेन्स दिसली की होडीवाले आदरानं पुढची जागा देतात. काळ्या लेन्सची किंमतही दहा लाखांच्या वर असू शकते हे त्यांना कसं समजवायचं, हा आम्हा निकॉनवाल्यांचा जुना प्रश्न आहे. रोहित पक्षी मात्र दोघांनाही सारख्याच अंतरावरून पाठ दाखवतात.

परवा भाचा आला होता. पहिला पगार हातात पडलेला, कॅमेरा घ्यायचाय. ‘मामा, कुठला घेऊ?’

मी सगळा अहंकार बाजूला ठेवून प्रामाणिक सल्ला दिला. म्हटलं, ‘आता सगळेच चांगले आहेत. तुझ्या जवळच्या मित्राकडे जो असेल तोच घे. लेन्स मागून वापरता येतील, अडलं तर विचारता येईल.’

‘बरं झालं,’ तो म्हणाला. ‘दोस्ताकडे सोनी आहे.’

मी थोडा वेळ विचार केला. मग म्हटलं, ‘दुसरा कुणी मित्र नाही का तुला?’