पट्टी उतरवा, शेठ

(परभणी. गुरुजींची खोली मोंढ्यापासून, म्हणजे धान्यबाजारापासून, हाकेच्या अंतरावर आहे. हाक अर्थात अडत्याची. साध्या माणसाच्या हाकेनं मोजलं तर बरीच लांब. संध्याकाळ. गुरुजी पेटी पुसतायत. अडत्या आत येतो, त्याच्या आधी त्याचा आवाज.)

अडत्या : रामराम गुरुजी! गाणं शिकायचंय!

गुरुजी : या शेठ, बसा. जरा हळू बोला, शेजारी लेकरू झोपलंय.

अडत्या : हळूच बोलायलोय की!

(शेजारचं लेकरू रडू लागतं.)

गुरुजी : आवाज कधीपासून बसलाय?

अडत्या : बसला कुठं? उभाच आहे. सोयाबीन आलं तवापासून जरा खरखर करतोय, एवढंच.

गुरुजी : आता तुरी आल्या, शेठ. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर गवयाकडं नाही, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जायचं असतं.

अडत्या : जाऊन आलो. त्यांनी नाकातून दुर्बीण घातली. म्हणले, स्वरतंतूंवर सूज आहे, गाठी नाहीत अजून. त्या 'अजून'वर लई जोर दिला. म्हणले, ओरडणं बंद करा. मी म्हणलं, डॉक्टरसाहेब, माझा धंदाच हर्राशी पुकारायचा. तर म्हणले, मग बोलायला शिका. आता ह्या वयात बोलायला कोण शिकवणार? म्हणून म्हणलं, गाणंच शिकावं.

गुरुजी : एवढंच कारण?

अडत्या : (आवाज उतरवायचा प्रयत्न करत) खरं सांगू? आमचं भजनी मंडळ एकादशीला गंगाखेडला जातं, जनाबाईच्या देवळात. तिथं मला एक अभंग म्हणायचाय. एकट्यानं. माईकवर. काळी पाचमधी.

गुरुजी : काळी पाच कुणी ठरवली?

अडत्या : ठरवायची काय गरज? आमच्यात सगळे काळी पाचमधीच गातेत. बुवा गातेत, टाळकरी गातेत. एकानं पट्टी उतरवली तर लोक म्हणले, घरी काही वाईट झालं का?

गुरुजी : बुवांचं सोडा. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं लहानपणापासून राहून पोरं गळा कमावतात. आणि मुळातच काहींचा गळा उंच असतो. तुमचा तसा नाही. बघू बरं. सौदा पटला की तुम्ही 'हं' कसं म्हणता?

अडत्या : सौदा पटला तरी आम्ही 'हं' म्हणत नाही. 'हं' म्हणलं की भाव गेला.

गुरुजी : बरं, आई काही सांगते तेव्हा?

अडत्या : हं.

गुरुजी : थांबा! पुन्हा म्हणा.

अडत्या : हं.

गुरुजी : (पेटीवर सूर शोधत) हा बघा. पांढरी एकच्या जवळपास. हा तुमचा रोजचा, बिनकष्टाचा आवाज. गाण्याची पट्टी ह्याच्या शेजारीपाजारी शोधायची. काळी एक धरू.

अडत्या : काळी एक! जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि आम्ही काळी एकात गावं?

गुरुजी : ही पेटी जर्मन सुरांची आहे, शेठ. जर्मनीची सोय झाली. आता परभणीचं तेवढं बघायचंय.

(अडत्या गप्प. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच.)

गुरुजी : हिशेबाचे माणूस आहात, हिशेबच सांगतो. काळी एकात सा लावला की दोन स्वरतंतू एका सेकंदात साधारण १३९ वेळा एकमेकांवर येतात. काळी पाचात २३३ वेळा. आणि तिथला वरचा सा घेतला की ४६६.

अडत्या : सेकंदाला? ह्याच्यापरीस आमचे हमाल बरे, त्यांचा दर तरी ठरलेला असतो. तंतू केवढे असतेत?

गुरुजी : पुरुषाचे दीड-दोन सेंटिमीटर. सोयाबीनचे दोन-तीन दाणे ओळीनं मांडा.

अडत्या : आणि त्याच्यावर मी चाळीस क्विंटल तूर चढवायलोय!

गुरुजी : रोज. वर खाकरता.

अडत्या : खाकरण्यात काय पाप आहे?

गुरुजी : प्रत्येक खाकरणीला दोन्ही तंतू एकमेकांवर आदळतात. सूज वाढते, सुजेमुळं घशात काही अडकल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा खाकरतो. त्यापेक्षा घोटभर पाणी प्यायचं.

अडत्या : अवघड आहे, गुरुजी. खाकरल्याशिवाय हर्राशी सुरू होत नाही. आणि खाकरल्याशिवाय घरातही जाता येत नाही, दोन सुना आहेत. कसं कळवावं?

गुरुजी : कडी वाजवा.

अडत्या : स्वतःच्या घराची? लोक म्हणतील, जावई आला.

(परभणीच्या जुन्या वाड्यांत सासऱ्याच्या खाकरण्याला घंटेचा मान होता. त्यावर उपाय शोधणं गुरुजींच्याही आवाक्यातलं नाही. ते विषय बदलतात.)

गुरुजी : घशासाठी काय घेता?

अडत्या : ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध, लवंग, आलं, मध. आणि गाणं म्हणायच्या आधी तांब्याभर पाणी, घटाघटा.

गुरुजी : ज्येष्ठमधानं घशाला बरं वाटतं, पण ह्यातलं काहीच स्वरतंतूंना शिवत नाही. गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं. पाणी तंतूंपर्यंत पोचलं तर त्याला ठसका म्हणतात.

अडत्या : मग पाणी प्यायचंच कशाला?

गुरुजी : ते पोटातून अंगात मुरतं, मग तंतूंना ओलावा मिळतो. म्हणून दिवसभर थोडंथोडं प्यायचं.

अडत्या : म्हणजे उधारीचा धंदा. आज माल, सावकाश वसुली.

गुरुजी : वाफ मात्र रोखीत पोचते. आणि तंबाखू?

अडत्या : ती तर गालात असते!

गुरुजी : रस कुठं जातो?

(अडत्या खिशातली चंची आणखी खोल सारतो.)

(काही दिवसांनी. तीच खोली. अडत्या पोट धरून बसलाय.)

गुरुजी : काय झालं?

अडत्या : तुम्हीच म्हणलात, उताणं पडा, पोटावर काहीतरी ठेवा, श्वास घेताना ते वर आलं पाहिजे.

गुरुजी : वही ठेवायला सांगितली होती.

अडत्या : दुकानात वह्या सगळ्या उधारीच्या. त्या पोटावर घेतल्या तर श्वासच लागंना. म्हणून पाच किलोचं माप ठेवलं. शिक्का मारलेलं आहे, पक्कं.

गुरुजी : अहो, ताकद कमवायची नाही. श्वास घेताना खांदे उचलायचे नाहीत, पोट आणि बरगड्यांचा खालचा भाग सैल सोडायचा, आणि बाहेर सोडताना घाई करायची नाही, एवढंच कळायला ते. नळीचा व्यायाम केला का?

अडत्या : केला. मोंढ्यात केला, तीच चूक झाली. ग्लासात पाणी, त्यात रसवंतीची नळी, आणि 'ऊऊ' करत बुडबुडे. गिऱ्हाईक म्हणलं, शेठला लकवा मारला. एक जण रिक्षा आणायला पळाला.

गुरुजी : अमेरिकेतल्या इंगो टिट्झे नावाच्या शास्त्रज्ञानं ह्याच नळीवर केवढं काम केलंय! तोंडाशी वाट अरुंद केली की हवेचा दाब थोडा मागं वळतो. मग तंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलके टेकतात. थकलेल्या आवाजाला ह्याच्याइतका स्वस्त उपाय नाही. चारचौघांत लाज वाटत असेल तर ओठांनी 'बुर्रर्र' करत सा-रे-ग-म म्हणा. काम तेच होतं.

अडत्या : ते तर त्याहून वाईट झालं. लहान लेकरानं बुर्र केलं की पाऊस येतो म्हणतेत ना? आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मला वट्ट्यावर बसवलं. म्हणले, तुमचा जबडा मोठा, मृगाच्या आधी जरा जोरात होऊन जाऊ द्या.

गुरुजी : जोरात नको!

अडत्या : तेच म्हणलं. तर म्हणले, गुरुजींना पाऊसही हळूच पाहिजे का?

(इथं गुरुजी मनापासून हसतात. पेटीचा भाता आपोआप हलतो.)

गुरुजी : घरी जुनं गाणारं कुणी आहे?

अडत्या : नाही बा. माय तेवढी दिवसभर काहीतरी गुणगुणते. जनाबाईच्या ओव्या. आता जातं कुठं राहिलं? गिरणी आली. पण मांडी घालून बसली की हात फिरवल्यासारखा करते अन् म्हणते. ऐंशीच्या पुढं आहे.

गुरुजी : तिचा आवाज बसलाय कधी?

अडत्या : (विचार करत) कधीच नाही. मोंढ्यात मी दोन तासांत संपतो. ती पहाटे पायलीभर दळायची, तोवर गायची, आणि उठून लगेच आम्हाला शिव्या द्यायची. खणखणीत.

गुरुजी : मग इथं कशाला आलात? गुरू घरातच आहे! ती तिच्या बोलण्याच्याच पट्टीत गाते. खुंटा ओढताना आणि ढकलताना श्वास लयीत पडतो. ओवी श्वासाएवढीच असते, श्वास संपायला आणि ओळ संपायला एकच गाठ. आणि समोर माईक नाही, बुवा नाहीत, कुणाला हरवायचं नाही. आपल्या ताडकळसच्या एका बाईंच्या अशा ओव्या १९९६ साली अभ्यासकांनी येऊन ध्वनिमुद्रित केल्यात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी राज्यभर हिंडून लाखभर ओव्या जमवल्या, आणि तुम्ही मायच्या शेजारी बसून मोबाईलवर भाव बघता.

अडत्या : पण गुरुजी, एवढ्या हळू आवाजात देवळात मागच्याला ऐकू कसं जायचं?

गुरुजी : माईक कशासाठी असतो?

अडत्या : ओरडायला.

गुरुजी : तुमच्या वतीनं तो ओरडतो, शेठ. त्याचं विजेचं बिल भरलेलं असतं. तुम्ही ओरडायला लागलात की एकाच मालाची दुबार हमाली.

अडत्या : (हा मुद्दा मात्र थेट आत जातो) दुबार हमाली नको.

गुरुजी : आता दोन दिवस मौन पाळा. सूज उतरू द्या. कुजबुजायचंही नाही, कुजबुजताना घसा उलट आवळला जातो.

अडत्या : दोन दिवस! ऐन तुरीत! हर्राशी कोण पुकारणार?

गुरुजी : तुमचे आजोबा कसे करायचे?

अडत्या : त्यांना कुठं पुकारायचं होतं! रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबायची, भाव ठरला. आवाज नाही, वाद नाही. पण त्यात शेतकरी नागवला जायचा. त्याला कळायचंच नाही, रुमालाखाली काय शिजलं. म्हणून कायद्यानं रुमाल बंद केला, उघड पुकारा आला.

गुरुजी : झालं ते चांगलंच झालं. तुमच्या घशाला तेवढं कुणी विचारलं नाही. दोन दिवस मुनीमाला पुकारू द्या. बरं, आजपासून मौन. जाताना माझ्या फीचं मात्र बोलून जा.

(अडत्या ओठांवर बोट ठेवतो. मग खांद्यावरचा पंचा काढतो, गुरुजींचा हात ओढून त्याखाली घेतो आणि बोटं दाबतो.)

गुरुजी : अहो, हे बंद आहे म्हणालात ना? आणि तीन म्हणजे काय? तीनशे का तीन हजार? महिन्याला का वर्षाला?

(अडत्या गोड हसतो. मौन त्याला पहिल्याच मिनिटाला जमलेलं आहे.)