पेशवेकालीन काका

माळा उपसायची वेळ आली की घरात दोन तट पडतात. एक तट भंगारवाल्याला फोन लावतो, दुसरा काकांना. आधी पोचतात काका. भंगारवाल्याला टेम्पो लागतो, काकांना निमित्त पुरतं.

हे काका कुणाचेच सख्खे नसतात. पुण्याच्या पेठेतला वाडा पाडायला निघाला, कोल्हापुरातल्या जुन्या घराची भावाभावांत वाटणी झाली, चिपळुणात माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरली, की त्या त्या गावचे काका हजर. पेन्शन चालू, खिशात भिंग, खांद्याला शबनम. आणि जगातली कुठलीही वस्तू आपल्यापुढे फार वेळ तोंड लपवू शकत नाही, याची खात्री.

वस्तू ओळखण्याचा त्यांचा एक विधी आहे. आधी तळहातावर तोलायची. मग वास घ्यायचा. मग नखानं टिचकी मारून ती कानाशी न्यायची आणि डोळे मिटायचे. या वेळी घरातल्यांनी बोलायचं नसतं. एखादं पोर "आजोबा, ते ऐकताय काय?" असं म्हणालंच, तर त्याची रवानगी स्वयंपाकघरात होते. काकांनी डोळे उघडले की निकाल लागलेला असतो. 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेले नाहीत. काकूंनीही नाहीत, आणि भाजी संपलीय का हे सुद्धा त्या काकांना रोज विचारतात.

निकालाची खाती चारच. धार दिसली की शस्त्र. उघडझाप करत असेल तर वैद्याचं. भोक असेल तर हत्तीचं, म्हणजे साखळी ओवायला. आणि यातलं काहीच नसेल तर देवाचं. काळाचा हिशेब त्याहून सोपा. गंजलेलं ते पेशवाईतलं, फारच गंजलेलं ते शिवकालीन. पेशवाई १८१८ साली संपली हे काकांना पाठ आहे, पण वस्तूंना त्यांनी ते कळवलेलं नाही. एकदा एका पकडीवर 'मेड इन इंग्लंड' असा ठसठशीत शिक्का निघाला. मालावर देशाचं नाव ठोकायचा रिवाज बोकाळला तो अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यापासून. तोवर दुसऱ्या बाजीरावांना जाऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती. काका जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "शिक्का नंतर मारलाय."

आता काका दरवेळी चुकतात असंही नाही. एका घरात खालून खरबरीत असा पितळी मोर निघाला. सुनेला ती चीज किसायची किसणी वाटली. सासऱ्यांना पेपरवेट वाटला. काकांनी क्षणात सांगितलं, "वज्री आहे ही. न्हाताना टाचा घासायची." अगदी बरोबर. तिथंच थांबते तर काकांचा नावलौकिक झाला असता. पण सुनेनं नुसतं "अय्या!" म्हटलं आणि काकांना पुढचं वाक्य सुचलं, "ही बहुधा मस्तानीची."

काकांचं दैवत म्हणजे दिनकर गंगाधर केळकर. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणारे, चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांनी १९२० च्या सुमाराला दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती असल्या रोजच्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि वीस हजारांवर वस्तूंचं संग्रहालय पुण्याला देऊन गेले. काका त्या संग्रहालयात इतक्या वेळा गेले आहेत की बाहेरगावचे लोक त्यांनाच गाइड समजतात, आणि काका त्यांचा हा गैरसमज दूर करत नाहीत. केळकरांमध्ये आणि आपल्यात फरक फक्त जागेचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांना वाडा होता, आपल्याला वन बीएचके.

रविवारी आणि बुधवारी काका जुन्या बाजारात असतात. तिथले विक्रेते त्यांना लांबूनच ओळखतात. काकांनी वस्तू उचलून "हं, उत्तर पेशवाई" एवढं पुटपुटलं की विक्रेता दीडशेचे सहाशे करतो. काका घासाघीस करून ते चारशेवर आणतात आणि जिंकल्याच्या आनंदात घरी जातात. स्वतःच्या विद्वत्तेचा भुर्दंड स्वतःच भरणारा दुसरा विद्वान त्या बाजारात नसेल.

काकांचा पुतण्या परदेशात असतो. त्यानं एकदा त्यांना रोमन काळातल्या एका वस्तूचा फोटो पाठवला. तांब्याच्या मिश्रधातूची, आतून पोकळ, बारा बाजूंची. प्रत्येक बाजूला वेगळ्या मापाचं गोल भोक, प्रत्येक कोपऱ्यावर एक गोळी. इंग्लंडमध्ये अशी एक १७३९ साली नोंदली गेली. तिथपासून युरोपात अशा शंभरावर सापडल्या, २०२३ मध्ये लिंकनशायरमध्ये आणखी एक निघाली. कुठल्याही रोमन लेखकानं तिचा उल्लेख केलेला नाही. कुणी मेणबत्तीचं घर म्हणतं, कुणी मोजणीचं यंत्र, कुणी हातमोजे विणायचा साचा. पावणेतीनशे वर्षं पंडितांची डोकी शिणली आहेत. काकांनी फोटो पाहिला, चहाचा घोट घेतला आणि उत्तर टाइप केलं, "लाडवांची मापं. घरच्यांचा लाडू, पाहुण्यांचा लाडू, सगळ्यात मोठं भोक जावयाचं."

या सगळ्या कारकिर्दीवर कळस चढवला तो शेजारच्या वाड्यात निघालेल्या एका अवजारानं. वीतभर लांबीचं, दोन दांड्यांचं लोखंडी प्रकरण. दांड्या दाबल्या की आतून नखाएवढा ठोकळा पुढं यायचा आणि समोरच्या पोलादी चकतीवर दाबून बसायचा. सोडलं की स्प्रिंग त्याला मागं ओढायची. चकतीच्या कडेला आकडे कोरलेले होते, ४ पासून १२ पर्यंत.

काकांनी तोललं, हुंगलं, टिचकी मारली, डोळे मिटले आणि उघडले. "दातांचं आहे. पेशव्यांच्या पदरी जे वैद्य होते, त्यांचं दाढ उपटायचं यंत्र. हे आकडे पाहा. चार नंबरची दाढ, आठ नंबरची दाढ. बारा म्हणजे अक्कलदाढ." मालकांचा हात नकळत गालावर गेला.

तेवढ्यात खिडकीची चौकट उतरवत असलेले सुतारमिस्त्री स्टुलावरून म्हणाले, "काका, दातांचं आहे हे खरं."

काकांनी सगळ्यांकडे एक नजर फिरवली.

"पण करवतीच्या."

मिस्त्री खाली उतरले. पिशवीतून आपली जुनी करवत काढली, दात वर करून दोन फळ्यांमध्ये आवळली आणि ते यंत्र पहिल्या दातावर बसवून दांड्या दाबल्या. कट्. दात किंचित उजवीकडे झुकला. एक दात सोडला, पुढचा धरला. कट्. टोकापर्यंत गेल्यावर करवत फिरवली आणि मघाशी सोडलेले दात दुसऱ्या बाजूला वाकवत परत आले. "दात असे आळीपाळीनं झुकले की काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि करवत मोकळी चालते. सरळ राहिले तर लाकूड पातं आवळून धरतं, ओलं असलं तर विचारूच नका. आकडा म्हणजे इंचात दात किती ते. माझ्या वडिलांकडे तर नुसती खाचा पाडलेली पट्टी होती, एकेक दात खाचेत धरून वाकवायचे. आता मिळतात त्या करवतींचे दात कारखान्यातच इतके कडक करतात की कानस लागत नाही. बोथट झाली की टाकायची, दुसरी आणायची. मग हे लागतंय कुणाला?"

एवढ्या शास्त्रशुद्ध खुलाशानंतर दुसरा कुणी चप्पल शोधू लागला असता. काका क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे दंतवैद्याचंच. पेशंट वेगळा."

पण खरी गंमत पुढेच झाली. मघापासून ते यंत्र दोन्ही हातांनी जपून धरलेल्या मालकांच्या चिरंजीवांनी ते खाली भंगाराच्या ढिगावर टाकलं. पेशव्यांचं होतं तोवर ते दिवाणखान्यात ठेवायचं चाललं होतं. करवतीचं ठरल्याबरोबर त्याला किलोचा भाव लागला. मिस्त्रींनी खरं सांगितलं आणि खऱ्यानं त्या वस्तूचा घात केला. काकांनी ते ढिगातून उचललं, शबनममध्ये घातलं आणि निघाले. आपल्याकडच्या कितीतरी मुसळ्या, सांडशा, खोवण्या, ओळंबे अशाच कुणा काकांच्या थापेपायी भट्टीतून वाचल्या असतील. भंगारवाला नाव विचारत नाही, वजन विचारतो. काका नाव चुकीचं देतात, पण देतात तरी. आणि एकदा नाव मिळालं की वस्तू टिकते. ते दुरुस्त करायला पुढं कुणी ना कुणी मिस्त्री भेटतोच.

"पेशव्यांना सांगा, शोकेस भरलंय," असं काकू म्हणाल्या. तरी वज्रीशेजारी जागा झाली आणि चिठ्ठी लागली: 'दंतशस्त्र, पेशवेकालीन.'

पुढं एकदा मिस्त्री स्वतःच दारात उभे राहिले. चांगल्या शिसवी लाकडाचं काम आलं होतं, वडिलांचीच करवत चालवायची होती आणि दात लावायचं ते यंत्र बाजारात मिळत नव्हतं. काकांनी रीतसर वही काढली. वस्तूचं नाव, काळ, नेल्याची तारीख लिहिली आणि 'पेशवेकालीन' या शब्दाच्या पुढं मिस्त्रींची सही घेतली. मिस्त्रींनी निमूटपणे सही केली आणि ठरल्या दिवशी यंत्र परत आणून दिलं. दांड्या कशा अलगद मिटत होत्या. काकांनी भिंग काढलं.

"काही नाही काका," मिस्त्री म्हणाले, "पेशव्यांनी बरेच दिवसांत तेल घातलं नव्हतं, ते घातलंय."