खिळा मारू नये

म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या समस्त घरमालकांस,



पत्र मराठीत लिहितो आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना ते वाचता येणार नाही, याची कल्पना आहे. पण तीन वर्षं माझं म्हणणं कुठल्याच भाषेत तुमच्या कानावर गेलं नाही, तेव्हा फार फरक पडू नये.

ही तीन वर्षं मी तुमच्यातल्याच एकांच्या माडीवर काढली. भाडं १४,०००, ॲडव्हान्स दहा महिन्यांचा, म्हणजे १,४०,०००. परवा घर सोडलं. ॲडव्हान्समधून पेंटिंगचे १४,०००, साफसफाईचे २,५०० आणि हॉलमधल्या एका खिळ्याचे ३०० कापले गेले. एवढी फी भरून जे शिकलो ते स्वतःपाशीच ठेवणं बरं दिसत नाही. म्हणून चार युक्तीच्या गोष्टी.

फाटकावर ‘मने बाडिगेगे इदे’ची पाटी लटकवलीत की घर बघायला येणाऱ्यांना गाड्यांचं वेळापत्रक बघून बोलवा. चामराजनगरची गाडी शेजारच्या स्टेशनातून निघते तेव्हा खिडकीच्या काचा कशा बोलू लागतात, हे ॲडव्हान्स दिल्यावर कळलेलं चांगलं. पाण्याचं विचारलं तर नुसतं ‘कावेरी’ म्हणा. नदीचं नाव घेतलं की माणूस हात जोडतो. ते पाणी किती वाजता येतं आणि जमिनीखालच्या टाकीतून, म्हणजे ‘संप’मधून, वर चढवणाऱ्या मोटरचं बटण कुणाच्या स्वयंपाकघरात आहे, हे विचारायचं त्याला सुचत नाही.

खोल्यांच्या बाबतीत तर तुमचं कौतुक करावं तितकं थोडं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हैसुरात प्लेग शिरला, दाटीवाटीच्या आळ्यांतून माणसं गेली. मग १९०३ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड नेमलं गेलं आणि रुंद रस्त्यांच्या, अंगणाच्या घरांच्या नव्या वसाहती आखल्या जाऊ लागल्या. हवा खेळावी, एवढीच त्यामागची इच्छा. त्या हवेचे तुम्ही प्लायवूड ठोकून चार ‘पोर्शन’ केलेत. चाळीसारख्या जुन्या वठारात निदान नळ सगळ्यांचा असे आणि भांडणही सगळ्यांचं असे.

करारनामा आधीच्या भाडेकरूच्या कराराची झेरॉक्स मारून करावा. माझ्या करारात पहिल्या पानावर माझं नाव होतं आणि नवव्या कलमात आधीच्याचं. त्यामुळे तो कुत्रा पाळणार नाही, असं मी लिहून दिलं. मुदत अकरा महिने. का, असं कुणी विचारलंच तर ‘सगळे तसंच करतात’ म्हणा. वर्षाहून जास्त मुदतीचा करार १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागतो, हे सांगत बसू नका. अकरा महिने सरले की नवा कागद मुळीच करू नका. ‘नोडोणा सार’ म्हणा. बघू या. माझे पुढचे पंचवीस महिने या ‘नोडोणा’वर गेले. भाडं रोख घ्या, पावती देऊ नका. पुढे वाद झाला की तुमच्या हातात काय उरतं? मुदत संपलेला कागद आणि त्यातला कुत्रा.

आमच्या महाराष्ट्रात हे खपत नाही. तिथला १९९९ चा कायदा म्हणतो की करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं! कर्नाटकाच्या भाडे कायद्याच्या नावातही १९९९ च आहे, पण तुम्ही निश्चिंत असा. महिन्याचं भाडं ३,५०० च्या वर गेलं की तो कायदा लागूच होत नाही, आणि तेवढ्या पैशात तुमच्याकडे आता माझी स्कूटरसुद्धा राहणार नाही. मग उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. दरमहाच्या भाडेकरूला घर सोड म्हणायला त्यात पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. पण नोटीस म्हणजे वकील आला, फी आली. त्यापेक्षा मोटरचं बटण हाताशी आहे. बटणाने भागलं नाही तर भाडेकरू गावी गेला असताना कुलूप बदला. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याप्रमाणे तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं, हे कोर्ट विचारतही नाही. आजोबांनी बांधलेल्या घराची कागदपत्रं बगलेत धरून तुम्ही उभे, आणि ती कुणी बघेना. असा अनुभव पंधरा दिवसांच्या नोटिशीत कुठून मिळणार?

उपरोध घटकाभर बाजूला ठेवतो. तुमची भीती खोटी नाही. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या आकड्यावर बांधून ठेवली. मालकांनी डागडुजी सोडली, चाळी टेकू लावून उभ्या राहिल्या आणि भाडेकरूची नातवंडं त्याच खोलीत म्हातारी झाली. असल्या गोष्टी ऐकलेला मालक नव्या माणसाकडे चोरासारखं बघणारच. सहा महिन्यांचं भाडं आणि वीजबिल बुडवून रातोरात टेम्पो भरणारे मलाही माहीत आहेत. त्यातला एक माझा चुलतभाऊ.

म्हणून तुम्ही ‘भोग्या’कडे वळता, तेही समजतं. भाडेकरूने एकरकमी काही लाख द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहायचं आणि निघताना सगळी रक्कम परत घ्यायची. कन्नडमधल्या ‘भोग्य’ला हा व्यवहाराचा अर्थ आहे, मराठीत भोग म्हणजे नशिबी आलेलं. दोन्ही अर्थ मुदत संपल्यावर एकत्र येतात. पैसे तोवर मुलीच्या लग्नात किंवा वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये गेलेले असतात आणि जुन्याला फेडायला नवा भोग्यवाला शोधावा लागतो. याची टोपी त्याला. घर बँकेकडे तारण असेल तर ते सांगू नका. बँकेची नोटीस फाटकावर चिकटेल तेव्हा तो वाचेलच.

आता ॲडव्हान्स परत करण्याची कला. पहिल्या दिवशी भिंती, नळ, खिडक्या यांची यादी करून दोघांनी सह्या केल्या, चार फोटो काढले, मीटरचं रीडिंग लिहिलं, की शेवटच्या दिवशी बोलायला विषयच राहत नाही. म्हणून यादी करू नका. १८८२ चाच कायदा म्हणतो की भाडेकरूने घर होतं तसं परत करावं, फक्त नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळावी. तीन वर्षांत चुना पिवळा पडला, ही झीज. तुमच्या हिशेबात मात्र ती माझी करणी. घर बघायला आलेल्या पुढच्या मंडळींना मालक हीच भिंत ‘आत्ताच रंगवली आहे’ म्हणून दाखवत होते, तेव्हा मी तिच्याच समोर सामान बांधत होतो.

खिळ्याची ताकीद मला पहिल्याच दिवशी मिळाली होती. त्यामुळे कालनिर्णय तीन वर्षं खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं राहिलं. गाडी गेली की ते हलायचं आणि वाऱ्याने पान उलटून श्रावणातच दिवाळी दिसायची.

बाकी क्षेम. कळावे, लोभ असावा.

आपला,
माडीवरचा (माजी)

ता. क. ज्याचे ३०० रुपये कापले तो खिळा पत्रासोबत पाठवत आहे. मी राहायला आलो त्या दिवसाच्या फोटोत तो भिंतीत आहे आणि त्यावर मालकांच्या वडिलांची तसबीर आहे. भोक मात्र पाकिटात मावलं नाही.